रोप चाळीस रुपयांचं, झाड कितीचं?

सोलापुरात घरापुढे, सोसायटीत किंवा कारखान्याच्या आवारात झाड लावताना पैसे कुठे जातात, कुठे घालावेत आणि कुठे हात आखडता घ्यावा

दोन वर्षांपूर्वीच्या वळवात आमच्या वसाहतीतला बहावा आडवा झाला. पाच वर्षांचं झाड, नुकतंच फुलावर आलेलं. वारा काही फार नव्हता, शेजारच्या शेडचे पत्रेसुद्धा जागेवर होते. सकाळी झाड उचलायला गेलो तेव्हा कारण दिसलं. मुळांभोवती नर्सरीची काळी पिशवी तशीच होती. पाच वर्षं मुळं त्या पिशवीत गोल गोल फिरत राहिली, दोन-चार फाटक्या जागांतून थोडी बाहेर आली आणि तेवढ्याच आधारावर झाड उभं होतं. ज्याने लावलं त्याने एकाच दुपारी तीस खड्डे उरकले होते. पिशवी फाडायला एका झाडामागे अर्धं मिनिट लागतं.

ते रोप चाळीस रुपयांचं होतं. पण पाच वर्षांचं पाणी, दोनदा बदललेली जाळी, आणि येत्या दहा वर्षांत मिळाली असती ती सावली यांचा हिशेब कोणी मांडला नाही. आपल्याकडे झाडाचा खर्च म्हटलं की लोक रोपाचा भाव विचारतात. सोलापुरात रोप ही यादीतली सर्वांत स्वस्त वस्तूंपैकी एक आहे. खरे पैसे खड्ड्यात आणि पहिल्या दोन उन्हाळ्यांत घालायचे असतात. तिथे वाचवलेला रुपया पुढच्या वर्षी नवं रोप आणि नवा खड्डा घेऊन परत येतो.

एक खुलासा आधीच करतो. पुढे दिलेले भाव अंदाजपत्रक मांडण्यापुरते आहेत. मोसम, अंतर, ट्रॉलीचा आकार आणि तुमची ओळख यांवर ते खालीवर होतात. दोन ठिकाणी विचारल्याशिवाय काम देऊ नका. मात्र कोणत्या कामाला किती वाटा जातो, हे प्रमाण फारसं बदलत नाही, आणि ते लक्षात ठेवणं जास्त उपयोगाचं आहे.

आधी जमीन बघा, मग नर्सरीत जा

सोलापुरातल्या प्लॉटवर साधारण तीन प्रकारची जमीन भेटते. पहार घेऊन फूट-दीड फूट खणलं की दहा मिनिटांत कळतं.

पहिली, खोल काळी माती. सुपीक खरी, पण पाणी लागलं की फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. हात जाईल एवढी भेग पडली की कोवळी मुळं तुटतात. पावसाळ्यात याच मातीत पाणी साचून मुळं गुदमरतात.

दुसरी, मुरूम. वरती वीतभर माती आणि खाली पिवळट-तांबूस मुरूम. पाणी लगेच निचरतं, त्यामुळे झाड बुडत नाही, पण तहानतं लवकर. त्याखाली काळा कातळ लागला तर ब्रेकर आणावा लागतो आणि खर्च एकदम चढतो. कातळ लागला तर हट्ट न करता खड्डा चार फूट बाजूला सरकवून बघा. बऱ्याचदा तिथे मुरूम मिळतो.

तिसरी, भराव. नव्या बंगल्याच्या किंवा अपार्टमेंटच्या आवारात हीच जास्त. विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, फरशीचे कपचे आणि वर देखाव्यापुरती माती. या जमिनीत झाड मेलं की लोक रोपाला नावं ठेवतात. भरावाच्या जागी खड्ड्यातली सगळी माती काढून टाकून नवी भरावी लागते, म्हणजे मातीचा खर्च जवळपास दुप्पट धरायचा.

एक फुकटची परीक्षा आहे. खड्डा खणल्यावर तो पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभं असेल तर निचरा नाही. अशा जागी झाड जमिनीच्या पातळीत न लावता वीतभर उंच मातीचा उंचवटा करून त्यावर लावा. या परीक्षेसाठी फक्त पाणी लागतं, पण तेवढ्याने पुढचे दोन हजार रुपये वाचू शकतात.

कोणतं झाड, कुठे

पश्चिमेची आणि नैर्ऋत्येची भिंत सोलापुरात दुपारभर भाजते. पारा ४२-४३ अंशांवर जातो तेव्हा त्याच बाजूला सावली हवी. म्हणून मोठं झाड शक्यतो तिकडे. छतावर सौर पॅनेल असतील किंवा बसवायचे असतील तर दक्षिणेला उंच झाड नको. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून कलतो आणि सावली नेमकी पॅनेलवर पडते.

अंतराचा साधा ठोकताळा असा: कढीपत्ता, पारिजातक, सीताफळ, कांचन यांसारखी लहान झाडं भिंतीपासून पाच-सहा फुटांवर चालतात. बहावा, ताम्हण, बकुळ, करंज यांना दहा-बारा फूट द्या. कडुनिंब, चिंच, जांभूळ यांना किमान पंधरा-वीस फूट. सेप्टिक टँक, चेंबर आणि पाण्याच्या पाइपलाइनपासून मोठं झाड दूरच बरं. वड, पिंपळ, उंबर ही मंदिराच्या पारावर आणि मोठ्या मैदानात शोभणारी झाडं, तीस बाय चाळीसच्या प्लॉटवरची नव्हेत. विजेच्या तारेखाली पंधरा फुटांपेक्षा उंच जाणारं काहीही लावू नका. दर पावसाळ्याआधी ते झाड मधोमध छाटलं जाईल आणि तुम्ही दर वर्षी हळहळत बसाल.

सोलापूरच्या हवेत डोळे मिटून लावावं असं झाड म्हणजे कडुनिंब. पाणी कमी, सावली दाट, आणि गुढीपाडव्याला दारातला पाला. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत त्याच दिवशी उगादीच्या पच्चडीला कडुनिंबाचा फुलोरा लागतो, तोही घरचा मिळतो. करंजही तितकाच चिवट आहे, आणि जनावरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून रस्त्याकडेला तो सोयीचा. मुरमाड जागेत सीताफळ आणि आवळा चांगले येतात. ताम्हण आपला राज्यपुष्पाचा वृक्ष, पण त्याला पाणी जास्त लागतं. बोअरला पाणी असेल तरच त्याच्या नादी लागा.

आता नको ते. कोनोकार्पस झपाट्याने वाढतो, वर्षभर हिरवा दिसतो, म्हणून नर्सरीवाले पुढे करतात. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. परागकणांचा त्रास आणि पाइपलाइन, गटारांत घुसणारी मुळं ही त्यामागची कारणं होती. गुलमोहर दिसतो देखणा, पण त्याचं लाकूड ठिसूळ. वळवाच्या वाऱ्यात त्याची फांदी कधी गाडीच्या काचेवर येईल सांगता येत नाही. पार्किंगशेजारी तो नकोच. जांभूळही पार्किंगवर नको. जून महिन्यात गाड्यांचे रंग जांभळे होतात आणि रहिवाशांची भांडणं सुरू होतात.

आणखी एक सांगायला हवं. शहराबाहेर तुमची मोकळी माळरानाची जमीन असेल तर तिथे सरसकट झाडं लावण्याआधी थांबा. नान्नजच्या माळढोक पक्ष्यांच्या अभयारण्याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे. १९७९ साली घोषित झालेलं ते अभयारण्य गवताळ माळाचं आहे, जंगलाचं नव्हे. माळावर गवत असणं ही तिथली उणीव नाही. झाडं घराभोवती, बांधावर, आवारात लावा.

रोप घेताना

सामाजिक वनीकरण आणि वन विभागाच्या रोपवाटिकांत देशी झाडांची लहान रोपं माफक दरात मिळतात. पावसाळ्याच्या तोंडावर चौकशी करा, मागणी आधी नोंदवा. खाजगी नर्सरीत दीड-दोन फुटांचं पिशवीतलं रोप ३० ते ६० रुपयांत, चार-पाच फुटांचं १०० ते २५० रुपयांत, सहा-आठ फुटांचं ४०० ते १,००० रुपयांत आणि दहा-बारा फुटांचं तयार झाड २,००० रुपयांपासून पुढे मिळतं.

पुष्कळ जण शेवटच्या प्रकाराला भुलतात. उद्घाटन पुढच्या महिन्यात, दुकानापुढे आज सावली दिसली पाहिजे. पण बारा फुटांचं झाड हलवताना त्याची निम्मी मुळं मागे राहिलेली असतात. पहिली दोन वर्षं ते नुसतं तग धरतं. तेवढ्यात शेजारी लावलेलं पाच फुटांचं रोप त्याला गाठतं. सोलापूरच्या उन्हात चार ते सहा फुटांचं, बोटाएवढ्या जाडीच्या खोडाचं रोप हा सगळ्यात फायद्याचा सौदा. यापेक्षा लहान रोप शेळ्या खातात, यापेक्षा मोठं खिसा खातं.

घेताना तीन गोष्टी बघा. खोड मधोमध, सरळ आणि काठीशिवाय उभं राहणारं असावं. पिशवीच्या तळातून दोरीसारखी जाड मुळं बाहेर आली असतील तर ते रोप फार दिवस नर्सरीत पडून आहे, त्याच्या मुळांचं वेटोळं झालंय. आणि पिशवी उचलताना खोडाला धरू नका, तळाला हात लावून उचला. मुळांभोवतीची मातीची हुंडी फुटली की रोपाचं निम्मं आयुष्य टेम्पोतच संपतं.

खड्डा: सगळी पुण्याई इथे

सोलापुरात खड्डा उन्हाळ्यात खणायचा. एप्रिल-मेमध्ये खणून उघडा ठेवला की उन्हाने तापतो, किडी आणि तण मरतात, आणि मुख्य म्हणजे मजूर मिळतात. पावसाला सुरुवात झाली की सगळे पेरणीला जातात.

माप किती? काळ्या मातीत दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल पुरे. मुरमात आणि भरावात तीन बाय तीन बाय तीन. शक्य असेल तर खोलीपेक्षा रुंदी वाढवा, कारण झाडाची अन्न घेणारी बहुतेक मुळं वरच्या दोन फुटांत आडवी पसरतात. खड्ड्याच्या भिंती गुळगुळीत राहिल्या असतील तर पहारेने खरवडून घ्या. जेसीबीच्या बकेटने काळ्या मातीत खणलं की भिंतींना चकाकी येते आणि मुळं त्यावर आपटून परत फिरतात.

मातीचा हिशेब इथेच करून ठेवा, म्हणजे ट्रॉलीवाला फसवणार नाही. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. दोन फुटी खड्डा आठ घनफुटांचा, म्हणजे एका ब्रासमध्ये असे बारा खड्डे भरतात. तीन फुटी खड्डा सत्तावीस घनफुटांचा, म्हणजे ब्रासमध्ये चारसुद्धा पूर्ण होत नाहीत. खड्ड्यातलीच वरची चांगली माती निम्मी वापरली तर विकतची माती निम्म्याने कमी लागते. पोयटा किंवा चांगली माती ब्रासला साधारण २,००० ते ३,००० रुपये पडते, शेणखताची ट्रॉली ४,००० ते ६,००० रुपये. शेणखत पूर्ण कुजलेलं हवं. हातात घेतल्यावर वास यायला नको आणि उष्णता लागायला नको. कच्चं शेण घातलं की वाळवीला आमंत्रण, आणि मुरमाड भागात वाळवी हा आपला जुना शत्रू. म्हणून खड्ड्यामागे दोन किलो निंबोळी पेंड मिसळा. ती किलोला ३० ते ५० रुपये असते.

एक चूक हमखास होते. काळ्या मातीतला खड्डा पूर्ण रिकामा करून त्यात बाहेरची लाल माती भरतात, कारण ती दिसायला छान. अशा खड्ड्याचं पावसाळ्यात मडकं होतं. आतली माती पाणी घेते, बाजूची काळी माती ते जाऊ देत नाही, आणि झाड पाण्यात उभं राहतं. काळ्या जमिनीत खड्ड्यातलीच माती परत वापरा. तिच्यात एक तृतीयांश शेणखत आणि घमेलं-दोन घमेली मुरूम मिसळला की झालं.

मजुरीचं म्हणाल तर काळ्या मातीत एक गडी दिवसात दोन फुटी सात-आठ खड्डे काढतो, घट्ट मुरमात तीन-चार. हजेरी ५०० ते ८०० रुपये धरा. वीसपेक्षा जास्त खड्डे असतील तर जेसीबी परवडतो. तासाचे १,००० ते १,४०० रुपये होतात, मात्र किमान दोन-तीन तासांचं भाडं आणि येण्याजाण्याचं वेगळं, हे आधी बोलून घ्या.

लावण्याचा दिवस

वनमहोत्सव १९५० पासून जुलैच्या पहिल्या आठवड्यात साजरा होतो. दिल्लीत तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री के. एम. मुन्शींनी तो सुरू केला तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे देशभरचा पावसाळा होता. सोलापूरचा पावसाळा वेगळा. मृग येतो, आर्द्रा हुलकावणी देते, जुलैत महिनाभर नुसता वारा वाहतो, आणि खरा पाऊस उत्तरा-हस्तात, म्हणजे सप्टेंबरमध्ये होतो. मंगळवेढ्याची ज्वारी रब्बीची आहे ती याचमुळे. जिल्ह्याची वार्षिक सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तीही अशी लहरी.

म्हणून रोप लावण्याआधी आपला पाऊस बघा, कार्यक्रमाची तारीख नव्हे. खड्डा भरून ठेवा, दोन चांगले पाऊस होऊन माती बसू द्या, खाली वीतभर ओल गेली की लावा. पाण्याची सोय असेल तर जुलैत लावा. ती नसेल, नुसत्या पावसावर भिस्त असेल, तर ऑगस्टच्या अखेरीला लावलेलं रोप सप्टेंबरचा पाऊस पुरा घेतं.

लावताना क्रम असा ठेवा. आदल्या दिवशी पिशवीला पाणी द्या. संध्याकाळी लावा. पिशवी उभी चिरून पूर्ण काढा आणि काढलेल्या पिशव्या एका जागी मोजून ठेवा. तीस झाडं लावली तर तीस पिशव्या बाहेर दिसल्या पाहिजेत. आमच्या बहाव्याने शिकवलेला हा धडा. बाहेरची वेटोळ्याची मुळं बोटांनी मोकळी करा, फार जाड असतील तर कापा. खोड जिथे रुंद होऊन मुळांत मिसळतं तो भाग जमिनीच्या पातळीवर किंवा बोटभर वर राहिला पाहिजे. खोल गाडलेलं झाड वर्ष-दोन वर्षं हिरवं राहतं आणि मग बुंध्यापाशी कुजतं. कलमी झाड असेल तर कलमाचा जोड मातीच्या वर हवा.

माती भरून पायाने हलकेच दाबा, थयाथया नाचू नका. दोन्ही बाजूंना बांबू रोवून खोड सुतळीच्या सैल आठ आकड्याने बांधा. तारेने बांधू नका, साल कापते. बांबू वर्ष-दीड वर्षाने काढायचा, नाहीतर झाड कायम काठीवर रेलतं. बुंध्याभोवती दोन-अडीच फुटांचं आळं करा आणि त्यात चार बोटं जाड आच्छादन घाला. ऊसकरी जिल्ह्यात आपल्याला पाचट फुकट किंवा भाड्याच्या पैशांत मिळतं. फक्त ते खोडाला चिकटवू नका, वाळवी त्याच वाटेने वर चढते.

पाणी: स्वस्त पाणी, महाग हात

कोरडवाहू शेतीच्या संशोधनासाठी १९३० च्या दशकातच सोलापूर निवडलं गेलं होतं. त्या साऱ्या संशोधनाचा गाभा एकच: पडलेली आणि घातलेली ओल उडू द्यायची नाही. ज्या गावात नळ काही दिवसांआड येतो तिथे हाच नियम घरच्या झाडाला.

पहिल्या वर्षाचं गणित मांडू, महिन्याचे ढोबळ चार आठवडे धरून. ऑक्टोबर ते जानेवारी आठवड्यातून एकदा पंधरा लिटर, म्हणजे सोळा आठवड्यांत २४० लिटर. फेब्रुवारी ते मध्य जून आठवड्यातून दोनदा वीस लिटर, म्हणजे अठरा आठवड्यांत ७२० लिटर. पावसाच्या उघडिपी धरून एका झाडाला वर्षाला साधारण हजार लिटर. पाच हजार लिटरचा टँकर ८०० रुपयांना धरला तर एका झाडाचं वर्षाचं पाणी १६० रुपयांचं. हे ऐकून लोक चकित होतात, कारण पाणी महाग असं आपण धरून चाललेलो असतो. महाग असतो तो आठवड्यातून दोनदा न चुकता जाणारा माणूस. झाडं मरतात ती पाण्याअभावी कमी आणि एप्रिलमध्ये माळी गावाला गेल्यामुळे जास्त.

रोज तांब्याभर पाणी देऊ नका. त्याने वरचा थर ओला होतो, मुळं वरच राहतात आणि मे महिन्यात भाजतात. क्वचित पण भरपूर द्या. एक-दोन झाडांसाठी जुना उपाय उत्तम: बुडाला बारीक छिद्र पाडून वात घातलेलं मडकं आळ्यात पुरायचं आणि भरत राहायचं. दहापेक्षा जास्त झाडं असतील तर ठिबक करा, झाडामागे दोन ड्रिपर.

पाणी कोणतं, तेही बघा. एसीचं पाणी चांगलं. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी चांगलं. आरओ फिल्टरचं सांडपाणी मात्र क्षारांनी भरलेलं असतं. बोअरचं पाणीही बऱ्याच ठिकाणी जड आहे. आळ्यात पांढरा थर दिसू लागला की महिन्यातून एकदा गोड पाण्याने भरपूर धुऊन काढा आणि शेणखत वाढवा.

खर्चाचा ताळा: एक झाड, घरापुढे

मुरमाची जागा, रस्त्याकडेला, तीन फुटी खड्डा असं धरून:

- रोप, चार-पाच फुटी: १५० रुपये
- खड्ड्याची मजुरी: ४०० रुपये
- माती आणि शेणखत, गोण्यांनी: ३०० रुपये
- निंबोळी पेंड, दोन किलो: ८० रुपये
- बांबू, सुतळी: १२० रुपये
- लोखंडी ट्री गार्ड: ९०० रुपये
- आच्छादन: ५० रुपये

एकूण २,००० रुपये. यात रोप फक्त १५० रुपयांचं. कंपाउंडच्या आत लावलं तर गार्ड लागत नाही आणि खर्च ११०० वर येतो. खड्डा स्वतः खणला तर ७००. बांबूच्या कामट्यांचा गार्ड २०० ते ३०० रुपयांत होतो, पण मोकाट जनावरं फिरतात तिथे तो एक उन्हाळा टिकतो. गार्डवर देणगीदाराचं नाव रंगवायचं असेल तर जरूर रंगवा. मात्र रोप मेल्यावर टॉवेल वाळत घालायला उरलेले असे नावाचे पिंजरे गावात कमी नाहीत.

खर्चाचा ताळा: चाळीस झाडं, कारखान्याचं आवार

एमआयडीसीतला एखादा यंत्रमाग किंवा टॉवेलचा कारखाना, मंगल कार्यालय किंवा शाळा डोळ्यांपुढे ठेवा. कुंपण आहे, म्हणून गार्ड नको.

- सहा फुटी रोपं, ४०० प्रमाणे: १६,००० रुपये
- जेसीबी, चार तास: ४,८०० रुपये
- खड्डे साफ करायला चार हजेऱ्या: २,४०० रुपये
- माती, सहा ब्रास: १५,००० रुपये
- शेणखत, एक ट्रॉली: ५,००० रुपये
- निंबोळी पेंड, ८० किलो: ३,२०० रुपये
- बांबू आणि सुतळी: ७,००० रुपये
- लावणीच्या पाच हजेऱ्या: ३,००० रुपये
- ठिबक: १२,००० रुपये

लागवडीपर्यंत ६८,४०० रुपये. बहुतेक अंदाजपत्रकं इथे संपतात. आता दोन वर्षांची देखभाल धरा: पहिल्या वर्षी आठ टँकर ६,४०० रुपये, दुसऱ्या वर्षी झाड मोठं म्हणून दहा टँकर ८,००० रुपये, आठवड्याला अर्धी हजेरी धरून दोन वर्षांचे ३१,२०० रुपये, आणि दहा टक्के नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागा, भरायला २,८०० रुपये. हे झाले ४८,४०० रुपये. एकूण १,१६,८०० रुपये, म्हणजे झाडामागे २,९२० रुपये. रोपांचा वाटा सातव्या हिश्श्याहूनही कमी. पैसे कमी असतील तर चाळीसऐवजी पंचवीस झाडं लावा, पण देखभालीची ओळ खोडू नका.

दुकानापुढे पेव्हर ब्लॉक असतील तर झाडाभोवती किमान चार बाय चार फूट माती मोकळी ठेवा. बुंध्यापर्यंत सिमेंट आणलं की पाणीही जात नाही आणि काही वर्षांनी मूळच फरशी उचलतं. दुकानाच्या बोर्डाआड येईल म्हणून झाड पुढे तोडायची वेळ येते. त्यापेक्षा दोन बोर्डांच्या मधल्या जागेत लावा आणि दर वर्षी खालची एखादी फांदी काढत खोड उंच करत न्या.

ठेकेदाराशी बोलताना

एवढं कागदावर घ्या: झाडाचं मराठी नाव, उंची, खड्ड्याचं माप, मातीचे ब्रास, देखभालीचा काळ, आणि मेलेलं रोप कोणाच्या खर्चाने बदलायचं. “जगण्याची शंभर टक्के हमी” देणाऱ्यापेक्षा “दहा टक्के मर धरा, नांग्या मी भरून देतो” म्हणणारा माणूस भरवशाचा. रोपांवर जीएसटी नाही, पण लागवड-देखभालीच्या सेवेवर १८ टक्के लागतो, म्हणून रोपांचं बिल नर्सरीकडून वेगळं घेता येतं का विचारा. खड्डे भरण्याआधी टेप लावून मोजा. नंतर मोजता येत नाहीत.

कागदपत्रांची बाजू

आपल्या आवारात झाड लावायला परवानगी लागत नाही, तोडायला लागते. शहरी भागात १९७५ चा वृक्ष संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे आणि तो तुमच्या खाजगी आवारातल्या झाडालाही लागू होतो. चुकीच्या जागी लावलेलं झाड पुढे ‘माझंच तर आहे’ म्हणून कापता येत नाही. महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावण्याची तरतूद आली. जागेवर जुना कडुनिंब उभा असेल तर बांधकामाचा नकाशा त्याच्याभोवती फिरवणं बऱ्याचदा स्वस्त पडतं. नव्या बांधकामाच्या परवान्यातही झाडांची अट असते. तुमच्या प्लॉटचा आकडा आर्किटेक्टकडून आधीच घ्या, भोगवटा प्रमाणपत्राच्या आदल्या आठवड्यात रोपं शोधत फिरू नका.

शेवटचा हप्ता

पैसे देण्याची माझी पद्धत आता ठरलेली आहे. निम्मे लावणीच्या दिवशी, पिशव्या मोजून. पाव हिस्सा पहिला उन्हाळा संपल्यावर. उरलेला पाव दुसऱ्या मृगाला. त्या दिवशी ठेकेदाराला बरोबर घेऊन एकेका झाडापाशी जायचं. पानं नसली तरी घाबरायचं कारण नाही, काही झाडं उन्हाळ्यात पान गाळतात. खोडावर नखाने साल किंचित खरवडायची. खाली हिरवं दिसलं तर झाड आहे, तपकिरी कोरडं दिसलं तर नांगी आहे. हिरवी किती, ते मोजायचं आणि तेवढ्यांचे पैसे द्यायचे.

पडलेल्या बहाव्याच्या जागी आम्ही दुसरा बहावा लावला. या वेळी पिशवी मी स्वतः फाडली आणि घरी आणून टाकली. त्याचं हे पहिलं वर्ष आहे. एक उन्हाळा झाला, एक बाकी आहे.